कारखाना नसलेल्यांची शर्यत



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांनी उभं आयुष्य लेथ मशीनवर आणि लोकांच्या गाड्या दुरुस्त करण्यात घालवलं. त्यामुळे 'विषय तुमच्या आवडीचा घ्या, पण यंत्राचा घ्या' असं संयोजकांनी सांगितलं तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. मोटार शर्यतींविषयी आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक चालकांविषयी असतं. सेना, शूमाखर, हॅमिल्टन, व्हर्स्टापेन ही नावं आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. मी आज नियमपुस्तकाविषयी बोलणार आहे, आणि ते बदललं, किंवा नुसता ताळेबंद बिघडला, की मैदान सोडून जाणाऱ्या मोठ्या कंपन्यांविषयी. विषय रुक्ष वाटेल. पण याच कारणांनी एक आख्खी जागतिक स्पर्धा बंद पडलेली आहे, शेकडो कामगारांच्या नोकऱ्या गेलेल्या आहेत, आणि काही अतिशय सुंदर यंत्रं ऐन भरात असताना गोदामात जाऊन पडली आहेत. मला त्याचं दुःख आहे आणि ते मी लपवणार नाही.

स्पोर्ट्सकारची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५३ साली सुरू झाली आणि १९९२ च्या हंगामानंतर संपली. कशी संपली ते नीट पाहण्यासारखं आहे.

१९८२ मध्ये तिथे 'ग्रुप सी' नावाची नवी नियमावली आली. शर्यतींच्या इतिहासात इतका शहाणा नियम क्वचितच कुणी लिहिला असेल. इंजिन किती मोठं असावं, त्याला टर्बो असावा की नसावा, ते पिस्टनचं असावं की रोटरी, यात नियम पडतच नव्हता. गाडीचं वजन ८०० किलोच्या खाली नको, आणि १००० किलोमीटरला ६०० लिटरपेक्षा जास्त इंधन मिळणार नाही, एवढाच मुख्य दंडक. त्या ६०० लिटरमध्ये तुम्ही काय करता ते तुमच्या अकलेवर. इंधनटंचाईचे दिवस नुकतेच होऊन गेले होते, म्हणून कंपन्यांनाही हा नियम पटला. आणि इंजिनाचा साचा कुणावर लादलेला नसल्यामुळे वेगवेगळ्या जातीची यंत्रं एकाच रांगेत उभी राहू लागली. जॅग्वारचं सात लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन, मर्सिडीजचं टर्बो लावलेलं व्ही-८, माझदाचं रोटरी, पोर्शेचं आडवं सहा सिलिंडरी. आवाजावरून गाडी ओळखता यायची.

पोर्शेनं या नियमांसाठी ९५६ ही गाडी बांधली. १९८२ च्या चोवीस तासांच्या ल माँ शर्यतीत पोर्शेच्या १, २ आणि ३ क्रमांकाच्या गाड्या त्याच क्रमानं पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आल्या. पण पोर्शेचं मोठेपण त्या निकालात मी मानत नाही. पुढल्या वर्षापासून त्यांनी ती गाडी विकायला काढली, यात मानतो. पैसे मोजा, गाडी घ्या, सुटे भाग घ्या आणि आमच्याच कारखान्याच्या संघाला हरवता आलं तर हरवा. कोलोनचे क्रेमर बंधू, स्वित्झर्लंडचा वॉल्टर ब्रुन, इंग्लंडचा रिचर्ड लॉइड, जर्मनीतल्या ओडेनवाल्डच्या डोंगराळ भागातला राइनहोल्ड योस्ट. ही सगळी स्वतःचं वर्कशॉप असलेली माणसं. ९५६ आणि तिच्यानंतरची ९६२ मिळून शंभराहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या. १९८६ चं संघांचं विश्वविजेतेपद ब्रुनच्या संघानं मिळवलं. कारखान्याचं नाव मागे आणि गिऱ्हाइकाचं पुढे, असा तो निकाल होता.

१९८४ मध्ये काय झालं ते सांगतो. इंधनाचा कोटा आणखी कमी करायचं आधी ठरलं होतं. पोर्शेनं त्याप्रमाणे तयारी केली आणि आयत्या वेळी नियामक संस्थेनं तो बदल मागे घेतला. पोर्शे चिडली आणि त्या वर्षी कारखान्याचा संघ ल माँला आलाच नाही. अशा वेळी एखादी स्पर्धा फिकी पडायला हवी होती. तशी ती पडली नाही, कारण मैदानात विकत घेतलेल्या पोर्शे पुष्कळ होत्या. योस्ट जिंकला. पुढच्या वर्षी कारखाना परत आला, तर योस्टनं त्याच गाडीनं, तोच सांगाडा वापरून, कारखान्यालाही मागे टाकलं. त्या सांगाड्याचा क्रमांक ९५६-११७. माझ्या दृष्टीनं शर्यतींच्या इतिहासातल्या सर्वांत आदरणीय वस्तूंपैकी ती एक आहे.

इथेच माझं आजचं म्हणणं मांडून टाकतो. एखाद्या शर्यतीची तब्येत पाहायची असेल तर तिथे किती मोठ्या कंपन्या आहेत हे मोजू नका. ज्याच्याकडे कारखाना नाही, त्याला आज बाजारात काय विकत मिळतं, ते विचारा. जिंकण्यालायक यंत्र विकत मिळत असेल तर कंपन्या आल्या काय आणि गेल्या काय, शर्यत चालू राहील. मिळत नसेल, तर रांगेत दहा नामवंत कंपन्या उभ्या असल्या तरी ती स्पर्धा एका संचालक मंडळाच्या बैठकीपुरती जिवंत आहे.

ग्रुप सी असा भरात असताना नियामक संस्थेनं, म्हणजे त्या वेळच्या फिसानं, इंधनाचा नियम काढून टाकायचं ठरवलं. १९९१ पासून इंजिन साडेतीन लिटरचं, टर्बोशिवाय, म्हणजे तेव्हा फॉर्म्युला वनमध्ये चालायचं तसंच. कारण असं दिलं गेलं की एकच इंजिन दोन्हीकडे वापरता आलं तर कंपन्यांचा खर्च वाचेल आणि जास्त कंपन्या येतील. कागदावर हे बरं दिसतं. प्रत्यक्षात काय झालं? फॉर्म्युला वनचं इंजिन दीड-दोन तास पळून पुन्हा खोलायचं, अशा बेतानं तेव्हा बांधलेलं असायचं. ते चोवीस तास टिकवायचं म्हणजे नव्यानं संशोधन आणि नव्यानं पैसा. तो योस्टकडे कुठून येणार आणि ब्रुनकडे कुठून येणार? शर्यती ४३० किलोमीटरवर आणल्या. नव्या गाडीला ७५० किलो वजन पुरे. जुन्या पोर्शेनं मात्र १००० किलो वजन वाहायचं. ज्यांनी आठ वर्षं रांग भरून धरली होती त्यांची यंत्रं एका कागदानं निकामी झाली.

आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्या कंपन्यांनी साधा हिशेब केला. फॉर्म्युला वनचंच इंजिन बांधायचं तर ते फॉर्म्युला वनमध्येच का नेऊ नये? तिथे दूरचित्रवाणी आहे, प्रेक्षक जास्त आहेत. मर्सिडीजनं १९९१ च्या ऑक्टोबरात जपानमधल्या ऑटोपोलिसची शेवटची शर्यत जिंकली. गाडीत होते तरुण मिखाएल शूमाखर आणि कार्ल वेंडलिंगर. त्यानंतर मर्सिडीज निघून गेली. जॅग्वारनं १९९१ चं विजेतेपद मिळवलं आणि तीही गेली. १९९२ मध्ये ल माँला जेमतेम २८ गाड्या उभ्या राहिल्या. १९९३ चा हंगाम भरायला पुरेसे संघच नव्हते, म्हणून स्पर्धा रद्द झाली. ल माँची शर्यत तेवढी तिथल्या स्थानिक क्लबनं चालू ठेवली. १९९३ मध्ये प्युजोनं तिथे पहिले तिन्ही क्रमांक घेतले आणि मग तीही निघाली. पुढच्या वर्षी प्युजोची इंजिनं फॉर्म्युला वनमध्ये मॅक्लारेनच्या गाड्यांत दिसली. स्पोर्ट्सकारची जागतिक स्पर्धा पुन्हा उभी राहायला २०१२ साल उजाडावं लागलं.

फॉर्म्युला वनच्या धंद्याची सूत्रं ज्यांच्या हाती होती त्यांनी हे मुद्दाम घडवलं, असा संशय तेव्हापासून बोलून दाखवला जातो. मला हेतूंची चौकशी करण्यात रस नाही. हेतू चांगला असता तरी परिणाम हाच झाला असता.

या पडझडीच्या मधोमध १९९१ च्या ल माँमध्ये माझदाची ७८७बी जिंकली. जपानी कंपनीचा ल माँमधला पहिला विजय, आणि रोटरी इंजिनाचाही. जुन्या गाड्यांवर वजन लादताना माझदाला ८३० किलोची सूट मिळाली होती, हे खरं. पण ती नारिंगी-हिरवी गाडी चोवीस तास जो आवाज करत पळाली, तो आवाज पुढच्या वर्षीच्या नियमात बसणार नव्हता. पुढच्या वर्षी माझदानं दुसऱ्याचं इंजिन लावलं, आणि त्या वर्षाअखेर तीही गेली. अनेक वर्षं चिकाटीनं एक वेगळी कल्पना घेऊन येणाऱ्या अभियंत्यांना विजय मिळाला तो त्यांच्या कल्पनेवर बंदी येण्याच्या तोंडावर. अशा वेळी नियम लिहिणाऱ्याला रात्री झोप कशी लागत असेल, असं मनात येतं.

जॅग्वारनं १९९१ मध्ये ज्या गाडीनं विजेतेपद मिळवलं ती एक्सजेआर-१४. तिचा कर्ता रॉस ब्रॉन. जॅग्वार गेल्यावर या गाडीचं आयुष्य संपायला हवं होतं, पण तिचा सांगाडा इतका चांगला होता की तो मरेना. आधी माझदानं १९९२ साठी त्यावरच आपली गाडी बेतली. मग पोर्शेनं तो सांगाडा घेतला, छप्पर कापून उघडी गाडी केली आणि मागे जुन्या ९६२ चं सहा सिलिंडरी इंजिन बसवलं. १९९५ च्या डेटोना शर्यतीत ती उतरवायची होती. शर्यतीच्या तोंडावर अमेरिकेतल्या संयोजकांनी नियम बदलले, वजन वाढवलं, टर्बोची हवेची वाट अरुंद केली. पोर्शेनं गाडी नेलीच नाही. ती झाकून ठेवून दिली गेली.

आणि मग पुन्हा राइनहोल्ड योस्ट. त्यानं पोर्शेला विनंती केली की ही गाडी तुम्हाला नको असेल तर मला ल माँला नेऊ द्या. १९९६ मध्ये पोर्शेचा कारखाना नव्याकोऱ्या ९११ जीटी-१ घेऊन आला होता, आणि योस्ट ही दोनदा टाकून दिलेली गाडी घेऊन. योस्ट जिंकला, कारखान्याच्या गाड्या दुसऱ्या आणि तिसऱ्या. गाडीत डेव्ही जोन्स, मॅन्युएल रॉयटर आणि बावीस वर्षांचा अलेक्झांडर वुर्झ. १९९७ मध्ये तोच सांगाडा पुन्हा आला आणि पुन्हा जिंकला. या वेळी मिकेले आल्बोरेतो, स्टेफान योहान्सन आणि पहिल्यांदाच ल माँला आलेला एक डॅनिश तरुण, टॉम क्रिस्टेनसन. तो पुढे ल माँ एकूण नऊ वेळा जिंकला. त्यातला पहिला विजय या गाडीत. जॅग्वारनं सोडलेला सांगाडा, पोर्शेचं बंद पडलेलं इंजिन, आणि एका वर्कशॉपवाल्याचा हट्ट. या तीन गोष्टींनी दोन वर्षं जगातल्या सर्वांत अवघड शर्यतीवर राज्य केलं. माझ्या म्हणण्याला मला यापेक्षा मोठा पुरावा सापडत नाही.

फॉर्म्युला वनमध्ये हीच परीक्षा १९९१ च्या पंचवीस वर्षं आधी झाली होती आणि तिथे निकाल सुखाचा लागला. १९६६ पासून इंजिन दीड लिटरवरून तीन लिटरवर न्यायचं ठरलं. तोपर्यंत इंग्लंडमधल्या छोट्या संघांना इंजिनं पुरवायची ती कॉव्हेंट्री क्लायमॅक्स ही कंपनी. तिच्या शर्यतीच्या इंजिनांचा वंश आगीच्या बंबासाठी बनवलेल्या इंजिनापासून निघालेला. जिम क्लार्कची १९६३ आणि १९६५ ची विजेतेपदं याच कंपनीच्या इंजिनांवर आली. नवं तीन लिटरचं इंजिन बांधायचा खर्च परवडणार नाही म्हणून क्लायमॅक्सनं १९६५ अखेर काम थांबवलं. लोटस, ब्रॅबम, कूपर सगळे उघड्यावर. जॅक ब्रॅबमनं ऑस्ट्रेलियातल्या रेप्को कंपनीकडून, ओल्ड्समोबिलच्या ॲल्युमिनियम ब्लॉकवर, एक साधं व्ही-८ करून घेतलं आणि १९६६ चं विश्वविजेतेपद स्वतःच्या नावाच्या गाडीत मिळवलं. असं करणारा तो आजवरचा एकमेव चालक आहे.

पण ती तात्पुरती सोय होती. कायमचा तोडगा काढला लोटसच्या कॉलिन चॅपमननं. ब्रिटिश फोर्डच्या वॉल्टर हेझला त्यानं पटवलं, फोर्डनं एक लाख पौंड दिले आणि कॉसवर्थमध्ये कीथ डकवर्थनं डीएफव्ही हे इंजिन काढलं. ४ जून १९६७ ला हॉलंडमधल्या झँडव्होर्टला पहिल्याच शर्यतीत जिम क्लार्क जिंकला. पुढच्या वर्षीपासून ते इंजिन इतरांनाही विकायला ठेवलं गेलं. किंमत साडेसात हजार पौंड. इमारती लाकडाचा व्यापारी असलेल्या केन टिरेलनं आपल्या लाकडाच्या वखारीतल्या शेडमध्ये डीएफव्हीवर स्वतःची गाडी बांधली आणि जॅकी स्टुअर्टनं तिच्यात १९७१ आणि १९७३ ला विजेतेपद मिळवलं. मॅक्लारेन, विल्यम्स, ब्रॅबम, हेस्केथ, सगळे याच इंजिनावर. १९६९ आणि १९७३ मध्ये विश्वविजेतेपदाची प्रत्येक शर्यत डीएफव्हीनं जिंकली. १९८३ पर्यंत एकूण १५५ विजय. आज फॉर्म्युला वन ज्या संघांच्या नावावर चालतं त्यातले काही या एका इंजिनाच्या ओसरीवर वाढलेले आहेत.

आता कंपन्या जातात का, याकडे वळू. नियम बदलला म्हणून गेलो असं त्या सांगतात, आणि काही वेळा ते खरंही असतं. प्रत्यक्षात जाण्याचा निर्णय ट्रॅकपासून हजारो किलोमीटर दूर, विक्रीचे आकडे समोर ठेवून होतो. होंडाचं उदाहरण घ्या. १९६४ ला आली, १९६८ ला गेली. १९८३ ला आली. विल्यम्स आणि मॅक्लारेनबरोबर तिनं जे मिळवलं ते विलक्षण होतं, १९८८ च्या १६ पैकी १५ शर्यती मॅक्लारेन-होंडानं जिंकल्या. १९९२ ला गेली. २००० ला आली, २००८ च्या ५ डिसेंबरला जाते म्हणाली. २०१५ ला आली, २०२० च्या ऑक्टोबरात पुन्हा जाते म्हणाली. २०२३ च्या मे महिन्यात जाहीर झालं की २०२६ पासून ॲस्टन मार्टिनबरोबर परत येणार. होंडाच्या अभियंत्यांबद्दल मला नितांत आदर आहे. सोइचिरो होंडांपासून त्या कंपनीत शर्यतीचं खरं वेड आहे. पण कंपनी वेडावर चालत नाही, आणि तसं तिनं चालावं अशी अपेक्षा करणंही बरोबर नाही. भागधारकांचा पैसा आहे तो. चूक होते ती नियम लिहिणाऱ्यांची. आज आलेला पाहुणा घरचाच समजून ते सगळं घर त्याच्या मापानं बांधून घेतात.

२००८ च्या डिसेंबरात होंडानं इंग्लंडमधल्या ब्रॅक्लीचा आपला संघ सोडला तेव्हा जगभर मंदी होती. शेकडो कामगारांची नाताळाच्या तोंडावर काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. पुढच्या हंगामाची गाडी जवळजवळ तयार होती. संघप्रमुख होता तोच, जॅग्वार एक्सजेआर-१४ चा कर्ता रॉस ब्रॉन. त्यानं नाममात्र एका पौंडात संघ घेतला. होंडानं जाताना पैशाची मदत केली, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण इंजिन? मॅक्लारेननं आडकाठी केली नाही म्हणून मर्सिडीजचं इंजिन मिळालं. २९ मार्च २००९ ला मेलबर्नला जेन्सन बटन पहिला, रुबेन्स बारिकेलो दुसरा. बटन त्या वर्षीचा विश्वविजेता झाला. त्या वर्षीच्या नव्या नियमांतली फट, ती दुहेरी डिफ्यूझरची, ब्रॉनच्या माणसांनी हेरली होती, तिचा वाटा मोठा होता. तरी आधी इंजिन विकत मिळालं, म्हणून ती हुशारी ट्रॅकवर उतरली. इंजिन मिळालं नसतं तर ती गाडी शेडमध्येच राहिली असती.

हाच संघ पुढे मर्सिडीजनं घेतला आणि २०१४ पासून संघांची सलग आठ विजेतेपदं मिळवली. त्याचा वंश मागे शोधत गेलं तर मर्सिडीजच्या आधी ब्रॉन, त्याआधी होंडा, त्याआधी बार, आणि बारनं प्रवेशासाठी विकत घेतलेला संघ टिरेल. लाकडाच्या वखारीतला.

होंडापाठोपाठ २००९ च्या जुलैत बीएमडब्ल्यू, नोव्हेंबरात टोयोटा. टोयोटानं आठ हंगाम अफाट पैसा ओतून एकही शर्यत जिंकली नव्हती. त्याच वर्षी नियामक संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्लींनी चार कोटी पौंडांची खर्चमर्यादा घालायचं ठरवलं. मोठे संघ वेगळी स्पर्धा काढायची धमकी देऊन बसले आणि मर्यादा बारगळली. पण तिच्या भरवशावर नव्या संघांना आधीच बोलावून झालं होतं. लोटस, व्हर्जिन आणि स्पेनचा एचआरटी २०१० ला आले. एचआरटीमध्ये आपले करुण चंढोक आणि नारायण कार्तिकेयन होते. तिन्ही संघ २०१७ च्या हंगामापर्यंत नाहीसे झाले. ज्या नियमावर विश्वास ठेवून ते आले तो नियम त्यांच्या येण्याआधीच मेला होता. खर्चमर्यादा अखेर २०२१ मध्ये आली, साडेचौदा कोटी डॉलरची. बारा वर्षांनंतर.

नारायणचं नाव निघालं म्हणून १९ जून २००५ ची इंडियानापोलिसची शर्यत सांगतो. त्या वर्षी नियम असा होता की शर्यतीत टायर बदलायचे नाहीत. एकाच जोडीवर पूर्ण अंतर पळायचं. मिशेलिनचे टायर तिथल्या तिरक्या वळणावर टिकेनात. शुक्रवारी राल्फ शूमाखरची गाडी भिंतीवर आदळली. वळणाच्या आधी वेग कमी करायला तात्पुरता नागमोडी अडथळा घाला, असं संघांनी सुचवलं, नियामकांनी नाकारलं. रविवारी वीस गाड्या निघाल्या, एक फेरी झाली आणि मिशेलिनच्या चौदा गाड्या आत वळल्या. उरल्या सहा. नारायण जॉर्डन संघाच्या गाडीत चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय झाला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, मिशेलिननं तिकिटांचे पैसे परत देऊ केले, आणि २००६ अखेर मिशेलिन फॉर्म्युला वनमधून गेली. आपल्या देशाच्या या इतिहासातलं पहिलं पान अशा दुपारी लिहिलं गेलं, याची मला खंत वाटते. नारायणनं आपलं काम चोख केलं होतं.

माझ्या म्हणण्याला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. कंपन्या नसत्या तर तंत्रज्ञान कुठून आलं असतं? टर्बो फॉर्म्युला वनमध्ये रेनॉनं आणला, १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला. गाडी इतका धूर सोडायची की लोक तिला पिवळी किटली म्हणायचे. दोन वर्षांत, १९७९ ला दिजाँला, ती जिंकली. कुठल्याही वखारवाल्याला हे जमलं नसतं. मान्य. काही नियम तर माणसं वाचवण्यासाठी बदलावेच लागतात. १९८६ मध्ये कॉर्सिका रॅलीत हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सेर्जिओ क्रेस्तो जळून गेले, त्याआधी पोर्तुगालमध्ये प्रेक्षक मेले. रॅलीच्या गाड्यांचा तो वर्ग, ग्रुप बी, बंद करण्यावाचून पर्याय नव्हता. कंपन्यांचे पैसे बुडाले म्हणून मी त्या बंदीला नावं ठेवणार नाही.

पण रेनॉचंच पुढे काय झालं? सप्टेंबर २०२४ अखेर रेनॉनं ठरवलं की पॅरिसजवळच्या व्हिरी-शातियोंच्या कारखान्यात २०२६ साठीचं फॉर्म्युला वन इंजिन बनणार नाही. रेनॉचा अल्पीन संघ मर्सिडीजचं इंजिन विकत घेणार, असं ठरलं. त्याआधी मोंझाच्या शर्यतीत व्हिरीचे कामगार प्रेक्षकांत बसून शांतपणे निषेध नोंदवत होते. टर्बोची ती पिवळी किटली ज्या परंपरेतली, ती परंपरा एका बैठकीत थांबली.

इलेक्ट्रिक शर्यतींतही हेच घडलं. २०१४ मध्ये फॉर्म्युला ई सुरू झाली तेव्हा सगळ्यांना एकच गाडी, एकच बॅटरी. खर्च आटोक्यात. मग मोठ्या जर्मन कंपन्या आल्या, आणि २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात चार दिवसांच्या आत ऑडी आणि बीएमडब्ल्यू दोघींनी माघार जाहीर केली. २०२२ ला मर्सिडीज गेली. या सगळ्या काळात पहिल्या हंगामापासून टिकून राहिलेला एक संघ आपल्या मुंबईच्या महिंद्रांचा आहे. टाटांच्या मालकीची जॅग्वारही २०१६ पासून तिथे आहे आणि २०२४ चं संघांचं विजेतेपद तिनं जिंकलं. महिंद्रांचे काही हंगाम फार वाईट गेले. तरीही ते राहिले, याचा मला अभिमान आहे. बॅटरी आणि सांगाडा सामाईक असल्यामुळे राहणं शक्य झालं, हेही तितकंच खरं.

२०२६ च्या फॉर्म्युला वन नियमांकडे पाहताना म्हणूनच मला धाकधूक वाटते. निम्मी शक्ती विजेची, शाश्वत इंधन, किचकट भाग कमी केलेले, इंजिनांवरही खर्चमर्यादा. यात चांगलं पुष्कळ आहे. संघाला इंजिन मिळालं नाही तर उत्पादकाला ते पुरवायला सांगता येईल, अशी तरतूदही नियमांत आहे. २०१५ मध्ये रेड बुलसारख्या संघावर इंजिनासाठी दारोदार फिरायची वेळ आली होती, त्यातून हे शहाणपण आलं. पण मायकेल आंद्रेत्तींनी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या शर्यतीत असलेल्या घरातल्या माणसानं, नवा संघ आणायचा म्हटलं तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये फॉर्म्युला वननं त्यांना नाकारलं. वर्षभरात तोच प्रकल्प जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक नावानं पुढे आला, तेव्हा दार उघडलं. दारावर अजूनही कंपनीचीच पाटी पाहिली जाते.

कंपन्यांच्या येण्याजाण्याची अशीच गोष्ट स्वित्झर्लंडमधल्या हिनविलच्या साउबर संघाची. पीटर साउबरनं १९७० मध्ये घराच्या तळघरात पहिली गाडी बांधली. पत्नी क्रिस्तियानेच्या नावावरून सगळ्या गाड्यांना 'सी' हे अक्षर. १९५५ च्या ल माँमधल्या अपघातात ऐंशीहून अधिक माणसं मेली, आणि त्या हंगामानंतर मर्सिडीज शर्यतींपासून दूर गेली होती. १९८९ ला ती ल माँला जिंकली ती साउबरच्या गाडीतून. १९९१ नंतर मर्सिडीजनं फॉर्म्युला वनमध्ये स्वतःच्या नावानं उतरायचं नाकारलं, तेव्हा साउबर थोडीबहुत मदत घेऊन एकटा उतरला. १९९३ च्या पहिल्याच शर्यतीत जे. जे. लेहतो पाचवा. पुढे बीएमडब्ल्यूनं संघ घेतला, २००९ ला सोडला; पीटरनं तो परत विकत घेतला आणि फेरारीचं इंजिन लावून चालवला. आता तो संघ ऑडीचा आहे. ऑडीनं ल माँ २०१६ ला सोडलं, फॉर्म्युला ई २०२१ ला, आणि २०२४ ची डकार रॅली जिंकल्यावर तीही. पीटर साउबर निवृत्त झालेत. पुढच्या वेळी संघ परत घ्यायला तिथे कुणी नसेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जो उत्पादक अजिंक्यपदात उतरेल त्यानं प्रवेशाच्या दिवशीच लिहून द्यावं, की आम्ही गेलो तरी पुढची काही वर्षं आमचं इंजिन, त्याचे सुटे भाग आणि ते चालवायचं ज्ञान ठरावीक दरात मिळत राहील. हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये. होंडानं २०२१ अखेर अधिकृतपणे फॉर्म्युला वन सोडलं, इंजिनाचा विकास गोठवायचं सगळ्यांनी मान्य केलं, आणि होंडाच्या साकुरातल्या कामगारांनी रेड बुलसाठी २०२५ पर्यंत इंजिनं बांधली. व्हर्स्टापेनची २०२२, २०२३ आणि २०२४ ची विजेतेपदं त्याच इंजिनांवर आहेत. तिथे ते होंडाच्या सौजन्यानं आणि रेड बुलच्या ताकदीमुळे झालं. साउबरसारख्या, जॉर्डनसारख्या संघासाठी ते नियमात लिहिलेलं असायला हवं.